वाढत्या अंगाचं माप

गेल्या ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायला दहा दिवस राहिले असताना, आमच्या घरात एक लहानसा गुन्हा उघडकीला आला. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना बायकोच्या लक्षात आलं की मुलीच्या एकाही कपड्याला मानेमागची चिठ्ठी उरलेली नाही. सगळ्या कात्रीने कापलेल्या. एका टी-शर्टातून तर चिठ्ठीबरोबर बोटभर कापडही गेलं होतं. ज्या कपड्यांवर आकडा आतून छापलेला होता, तिथे काळं मार्कर फिरवलं होतं. आरोपी नऊ वर्षांची. "टोचतं म्हणून कापल्या," असा पहिला जबाब मिळाला. खरा जबाब रात्री झोपताना मिळाला. पोहण्याच्या क्लासला कपडे बदलताना एका मैत्रिणीने तिच्या फ्रॉकची चिठ्ठी मोठ्याने वाचली होती: "सिक्स एक्स! पण तू तर नऊ वर्षांची आहेस ना?"

आता यात त्या मैत्रिणीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. दर रविवारी व्हिडिओवर साताऱ्याहून आमची आई तेच विचारत असते. "अरे, नऊ वर्षांच्या पोरीला सहाचा फ्रॉक? नीट खायला घालता ना रे तिला?" आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा दुकानात ९ किंवा १० आकड्याच्या रांगेतून मागे मागे सरकत ६ च्या रांगेशी आलो की उगाच ओशाळतो. जणू काही पोरीची प्रगतिपुस्तकातली इयत्ताच कमी झाली आहे.

या आकड्याने मला पूर्वीही एकदा फसवलं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा भारतात गेलो तेव्हा पाच वर्षांच्या भाच्यासाठी हौसेने ५ आकड्याचा कोट-पँटचा जोड नेला. पँट त्याच्या काखेपर्यंत आली. बहीण समजूतदार. म्हणाली, "दादा, ठेवून देते. पुढच्या दिवाळीला होईल." तो जोड त्याला झाला, पण पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या दिवाळीला.

तर त्या रात्री मुलीला झोपवल्यावर मी शोधायला बसलो, की हा ६ नेमका कशाचा ६ आहे? इंच नाही, पौंड नाही, सेंटिमीटर तर नाहीच. वय म्हणावं तर वय नाही. डॉक्टरेट केलेल्या माणसाची ही एक खोड असते, दोन मिनिटांच्या प्रश्नाला तो तीन महिने लावतो. पण या वेळी ते तीन महिने वाया गेले नाहीत असं वाटतं, म्हणून हा लेखप्रपंच.

तयार कपडे नव्हते तेव्हा मापाला आकड्याची गरजच नव्हती. आपल्या लहानपणी शिंपी गळ्यात टेप अडकवून यायचा किंवा आपण त्याच्याकडे जायचो. आई बाजूला उभी राहून एकच सूचना द्यायची: "वाढत्या अंगाचं शिवा हो." मग तो शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचा. त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात, आणि भाषेने हा शब्द इतका नेमका कुठून शोधला याचं मला नेहमी नवल वाटतं. परकराला आतून दोन-तीन आडवे टाके घालून कापड दुमडून ठेवायचं आणि दर वर्षी एक एक दुमड सोडायची. जुन्या कापडावर नव्या पट्ट्याचा गडद रंग दिसायचा, आणि त्यावरून पोरगी किती वाढली ते सगळ्या आळीला कळायचं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मुलींच्या झग्यांनाही असेच आडवे 'टक्स' घातलेले असत, शोभेसाठी आणि सोडण्यासाठीही.

आकड्याची गोष्ट सुरू होते ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एका शिंप्यापासून. त्याचं नाव एबेनेझर बटरिक. सांगतात ते असं की त्याची बायको एलन आपल्या तान्ह्या मुलासाठी कापड बेतत होती आणि वैतागून म्हणाली, वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने आयते मिळाले तर किती सोपं होईल! त्या काळी कागदी नमुने मिळत, पण एकाच मापाचे. ते आपल्या अंगाला मोठे-लहान करण्याची कसरत शिवणाऱ्या बाईनेच करायची. बटरिकने १८६३ साली क्रमाने चढत्या मापांचे नमुने विकायला काढले. सुरुवात पुरुषांचे शर्ट आणि मुलांचे कपडे यांच्यापासून झाली. बायकांच्या कपड्यांचे नमुने नंतर आले. इटलीचा वीर गॅरिबाल्डी तेव्हा भलताच लोकप्रिय होता, आणि त्याच्या गणवेशावर बेतलेला मुलांचा 'गॅरिबाल्डी सूट' बटरिकचा नमुना वापरून घरोघरी शिवला गेला. थोडक्यात, मापांच्या चढत्या श्रेणीची कल्पना बाजारात आली ती वाढत्या मुलांच्या पायी.

पण एका नमुन्यावरून दुसरा चढवत नेणं दिसतं तितकं सोपं नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान छायाप्रत नव्हे. पाय धडापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून पँट कमरेला सैल असतानाच घोट्याच्या वर येते. हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या घरी दर मार्च महिन्यात येतोच.

पुढची उडी टपाल खात्याने मारली. माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शिकागोहून कॅटलॉगवरून माल विकायला सुरुवात केली. १८९० च्या दशकात सीअर्स त्या मैदानात उतरली. १८९६ पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल मिळू लागलं आणि १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं. कान्ससमधल्या शेतकऱ्याची बायको आता मुलाचा सूट शिकागोहून मागवू शकत होती. पण टेप घेऊन माप काढायचं, ते बिनचूक लिहायचं, यात चुका फार होणार. मुलाचं वय मात्र प्रत्येक आईला पाठ असतं! म्हणून कॅटलॉगमध्ये मुलांचे कपडे वयावर विकले जाऊ लागले. वय लिहा, आणि मूल वयाच्या मानाने थोराड किंवा लहानखुरं असेल तर तसंही लिहा, अशा सूचना असत. म्हणजे वय हा आकडा पुरेसा नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. माप म्हणून वय निवडलं गेलं ते बरोबर होतं म्हणून नव्हे, तर विचारायला सोपं होतं म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा तात्पुरत्या सोयी कशा कायमच्या होऊन बसतात हे मी रोज बघतो.

त्याच सुमारास दुसरीकडे मुलांच्या वाढीचं शास्त्र आकार घेत होतं. त्याचा आरंभ एका बापाने केला होता, याचं मला विशेष कौतुक वाटतं. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती १७७७ मध्ये आपल्या ग्रंथात छापली. एका मुलाच्या वाढीची इतकी दीर्घ नोंद त्याआधी कुणी केलेली नव्हती. आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारतो, त्यांचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

बॉस्टनचा डॉक्टर हेन्री बाउडिच याने १८७० च्या दशकात तिथल्या शाळांतल्या सुमारे २४,५०० मुलामुलींची उंची आणि वजन घेतलं. मुली बारा-चौदाच्या सुमारास काही काळ मुलग्यांपेक्षा उंच असतात, हे आज आपल्याला सहज वाटणारं वाक्य त्याच्या कामातून पुढे आलं. त्यानंतर फ्रान्झ बोआस आला. हा जर्मनीहून अमेरिकेत आलेला, म्हणजे आपल्यासारखाच परदेशात संसार थाटलेला माणूस. १८९२ मध्ये त्याने वाढीचा 'टेम्पो' ही कल्पना मांडली. आपण गाण्याच्या भाषेत लय म्हणू. एकाच वयाची दोन मुलं वाढीच्या एकाच टप्प्यावर असतात असं मुळीच नाही. एकाची लय द्रुत, दुसऱ्याची विलंबित, आणि शेवटी दोघंही समेवर येऊ शकतात. तबला शिकलेल्या आमच्या मुलाला हे एका वाक्यात पटलं.

बोआसने पुढे न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, एकूण जवळजवळ १८,००० जणांची मापं घेतली. हे काम अमेरिकन काँग्रेसच्या स्थलांतर आयोगासाठी होतं, आणि त्या आयोगातल्या अनेकांचा कल परक्यांना रोखण्याकडे होता. १९११ च्या सुमारास आलेला बोआसचा निष्कर्ष त्यांना सोयीचा नव्हता. अमेरिकेत जन्मलेली मुलं आपल्याच आईबापांपेक्षा अंगाने वेगळी होत होती. वंशाची म्हणून जी मापं अढळ मानली होती ती एका पिढीत हलत होती. त्याच्या आकड्यांवर २००२-०३ मध्ये पुन्हा वाद झाला. डोक्याचा आकार नेमका किती बदलला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अंगाच्या मापावरून माणसाची जात ठरवू पाहणाऱ्यांना त्याने पहिला मोठा धक्का दिला, हे खरंच.

आता या कथेतल्या माझ्या आवडत्या पात्रांकडे येतो. वॉशिंग्टनमध्ये शेती खात्यात १९२३ पासून गृहशास्त्राचा एक विभाग होता. (कपड्यांचं काम शेती खात्यात का? शेतकऱ्याच्या बायकोचा संसार हाही शेतीचाच भाग मानला गेला, म्हणून. सरकारी खात्यांच्या वाटण्या सगळीकडे अशाच.) तिथल्या वस्त्र आणि पोशाख शाखेच्या प्रमुख होत्या रूथ ओब्रायन. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी योजना काढली होती, तिचा पैसा आणि माणसं वापरून ओब्रायनबाईंनी १९३७ ते १९३९ या काळात चार ते सतरा वर्षांच्या सुमारे १,४७,००० मुलामुलींची मापं घेतली. प्रत्येक मुलाची ३६ मापं. गुणाकार करून बघा, जवळजवळ त्रेपन्न लाख आकडे, आणि तेही आजच्यासारखा संगणक नसताना.

या आकड्यांतून अर्थ काढण्यासाठी त्यांच्या जोडीला होता मायर गिर्शिक. जन्म रशियातला, १९२२ मध्ये मुलगा म्हणून अमेरिकेत आलेला. कोलंबिया विद्यापीठात तो हॅरल्ड होटेलिंगचा विद्यार्थी होता. होटेलिंगने १९३३ मध्ये 'प्रिन्सिपल कंपोनंट्स'ची पद्धत मांडली होती आणि गिर्शिकने १९३६ मध्ये त्याच विषयावर निबंध लिहिला. वाचकांतल्या अभियंत्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. इतरांसाठी सांगतो, की खूप आकडे एकमेकांत गुंतलेले असतील तर त्यातले खरोखर महत्त्वाचे दोन-तीन धागे ओढून काढायची ही रीत आहे. मी माझ्या प्रबंधात फिरत्या यंत्रातला बिघाड ओळखण्यासाठी चार वर्षं हीच रीत वापरली. तिच्यावर सुरुवातीला काम करणाऱ्यांपैकी एकजण शाळकरी पोरांच्या नितंबांच्या घेराचे तक्ते बघत बसला होता, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या नागपूरचं आहे. माझ्या प्रबंधातलं दुसरं हत्यार म्हणजे 'महालनोबिस अंतर'. प्रशांतचंद्र महालनोबिस हे मुळात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९२० साली नागपूरला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. अ‍ॅनंडेल यांच्याकडे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या अंगाची मापं पडून होती, त्यांचं काय करायचं असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाने महालनोबिस संख्याशास्त्राकडे वळले ते कायमचे, आणि १९३६ मध्ये त्यांचं ते प्रसिद्ध अंतर आलं. म्हणजे माझी दोन्ही हत्यारं अशा माणसांच्या हातून गेलेली, ज्यांच्यासमोर माणसांच्या अंगाच्या मापांचे ढीग होते. असो.

ओब्रायन आणि गिर्शिक यांच्यासमोरचा प्रश्न व्यवहाराचा होता. चिठ्ठीवर ३६ आकडे लिहिता येत नाहीत. एक किंवा दोनच लिहायचे, तर कोणते लिहिले म्हणजे बाकीच्यांचा अंदाज सगळ्यात चांगला येईल? उभी मापं, म्हणजे उंची, पायाची लांबी, हाताची लांबी, ही एकमेकांना धरून वाढतात. घेर, म्हणजे छाती, कंबर, मांडी, हे आपापसांत धरून असतात. पण उभ्याचं आडव्याशी तितकंसं जमत नाही. म्हणून एक उभं माप घ्यायचं आणि एक घेर. त्यांनी निवडली उंची आणि नितंबांचा घेर. वय या परीक्षेत नापास झालं. १९३९ मध्ये शेती खात्याने त्यांची पुस्तिका काढली, आणि तिच्या नावातच 'उंची आणि नितंबांचा घेर यांवर आधारलेली प्रमाण पद्धत' असं स्पष्ट म्हटलं होतं.

वय का नापास होतं, हे आजच्या आकड्यांवरूनही दिसतं. अमेरिकेत डॉक्टर वापरतात त्या वाढीच्या तक्त्यात आठ वर्षांचा मधला मुलगा १२८ सेंटिमीटर असतो. पण शंभरातली अगदी टोकाची पाच-पाच मुलं दोन्हीकडून सोडून दिली, तरी उरलेली नव्वद साधारण ११८ ते १३८ सेंटिमीटर इतकी पसरलेली असतात. ११८ म्हणजे साडेसहा वर्षांच्या मधल्या मुलाची उंची, आणि १३८ म्हणजे जवळजवळ दहा वर्षांच्याची. एकाच वर्गात, एकाच वाढदिवसाची, पूर्ण निरोगी मुलं सहाच्या रांगेतून दहाच्या रांगेपर्यंत कुठूनही कपडे घेणार. यात कुणाच्या आईचं काही चुकलेलं नसतं.

मग १९३९ मध्ये कळलेली गोष्ट चिठ्ठीवर का आली नाही? अर्धी आली. १९५० च्या सुमारास अमेरिकन वाणिज्य खात्याच्या मानक कचेरीने मुलांच्या कपड्यांसाठी मापांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या तक्त्यांत ६ म्हणजे अमुक उंची, अमुक छाती, अमुक कंबर, असं सगळं व्यवस्थित होतं. पण आकडा ६ चा ६ च राहिला. आतलं इंजिन बदललं, वरची पाटी जुनीच. शिवाय ही मानकं ऐच्छिक होती, पाळलीच पाहिजेत असं बंधन नव्हतं. पुढे सरकारने हळूहळू यातून अंग काढून घेतलं. बायकांच्या मापांचं मानक तर १९८३ मध्ये मागेच घेतलं गेलं. आता 'एएसटीएम' ही बिनसरकारी संस्था तक्ते काढते आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या मर्जीने वापरते. म्हणून एका दुकानात ७ बसतं आणि दुसऱ्यात ६ घट्ट होतं.

जुन्या पाटीला मग ठिगळं लावावी लागली. रांगणाऱ्या-चालणाऱ्या पोरांसाठी 'टी' आलं, २ टी, ३ टी, कारण आत डायपरला जागा हवी. मुलींच्या सहा आणि सातच्या मध्ये ६ एक्स आलं. तेच ते आमच्या घरातल्या गुन्ह्याचं मूळ. आणि रुंदीसाठी शब्द आले: बारीक मुलांना 'स्लिम', भरलेल्या मुलग्यांना 'हस्की', आणि मुलींना चक्क 'चबी'. पोराच्या पँटवर असा शेरा मारायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल! आपल्याकडे लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या "काय गं, किती वाळलीस" म्हणतात, पण त्या निदान शिवून तरी देत नाहीत.

युरोपात दुसरी वाट धरली गेली. तिथे मुलांच्या कपड्यावर सरळ उंची लिहितात, सेंटिमीटरमध्ये: १०४, ११०, ११६, १२२. सहा-सहाची पायरी. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे एक पायरी जवळजवळ एका वर्षाची. जपानमध्येही उंचीच, पण दहा-दहाच्या पायरीने. आणि आपल्याकडच्या दुकानात मुलांच्या कपड्यांवर २०, २२, २४ असे इंचांतले आकडे असतात, ते अंगाचे किंवा कापडाचे, वयाचे नव्हेत. २०१८ च्या सुमारास राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार भारतीयांची मापं यंत्राने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, पण तो १५ ते ६५ वयाच्या लोकांसाठी. आपली बालगोपाळ मंडळी अजून शिंप्याच्या टेपवरच आहेत.

आता "आपली मुलं लहानच असतात" या समजुतीकडे वळतो, कारण आमच्या मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला हे वाक्य मी ऐकतो. आमच्या कोलंबसपासून तासाभरावर यलो स्प्रिंग्ज नावाचं टुमदार गाव आहे. तिथे १९२९ मध्ये फेल्स संस्थेने मुलांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास सुरू केला. १९७७ मध्ये अमेरिकेचे जे राष्ट्रीय तक्ते निघाले, त्यातला तीन वर्षांखालच्या मुलांचा भाग त्या अभ्यासावर आधारलेला होता. म्हणजे ओहायोच्या एका कोपऱ्यातली, बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय आणि बरीचशी बाटलीच्या दुधावर वाढलेली बाळं साऱ्या जगाचा मापदंड होऊन बसली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात मग वेगळी पाहणी केली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत या सहा देशांतली मिळून सुमारे ८,५०० मुलं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. आईचं दूध, स्वच्छ पाणी, लसी आणि पुरेसं अन्न मिळालं, तर पाच वर्षांपर्यंत या सगळ्या देशांतली मुलं जवळजवळ सारख्याच चालीने वाढतात, असं त्यात दिसलं. २००६ मध्ये ते नवे तक्ते आले आणि २०१० पासून अमेरिकेतही दोन वर्षांखालच्या बाळांना तेच लावावेत अशी शिफारस झाली.

तेव्हा सगळा दोष 'आपल्या वंशा'वर टाकू नये. एखादं मूल लहानखुरं असतं ते बहुधा आईबाप लहानखुरे असतात म्हणून. आमच्या मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला तिचा आलेख दाखवला. तिची रेघ अगदी खालच्या वळणावर आहे, पण दोन वर्षांची असल्यापासून तेच वळण धरून चालली आहे. "मला आकड्याची काळजी नाही," त्या म्हणाल्या, "रेघ आपलं वळण सोडून खाली उतरायला लागली तर मात्र मला दाखवायला आणा." हे मी आईला तसंच्या तसं मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "तरी तूप वाढवत जा."

एक गोष्ट मात्र मला आधी कळायला हवी होती. आपण सगळे कपडे वाढत्या अंगाचे घेतो, तसे रात्रीचे पायजमेही दोन आकडे मोठे घेतो. आम्हीही घेत होतो. या देशात मुलांचे झोपायचे कपडे पेट घेऊन होणाऱ्या अपघातांमुळे १९७१ मध्ये ६ एक्सपर्यंतच्या मापांसाठी आणि १९७४ मध्ये ७ ते १४ मापांसाठी नियम झाले, की कापड सहज जळणारं नसावं. त्यासाठी कापडाला रसायनं लावली जाऊ लागली. त्यातलं 'ट्रिस' नावाचं एक रसायन डीएनएला इजा करतं असं आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी जानेवारी १९७७ मध्ये दाखवून दिलं आणि त्याच वर्षी त्या कपड्यांवर बंदी आली. पुढे १९९६ मध्ये सवलत मिळाली: कपडा अंगाला घट्ट बसणारा असेल, तर साधं सुतीही चालेल. कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा नसली की ज्योत पसरायला वाव कमी मिळतो, हे त्यामागचं साधं भौतिकशास्त्र. म्हणून त्या नियमात प्रत्येक मापासाठी छाती, कंबर, दंड, मांडी, मनगट, घोटा यांचे जास्तीत जास्त घेर लिहून दिले आहेत. एरवी कंपनीच्या मर्जीवर चालणारा तो आकडा इथे कायद्याने बांधलेला आहे. सुती पायजम्याला लटकणारी ती पिवळी चिठ्ठी आपण न वाचता फेकतो, तिच्यावर हेच लिहिलेलं असतं. दोन आकडे मोठा घेतला की तो कायदा आपण स्वतःच्या हाताने सैल करतो. मोठा, ढगळ सुती टी-शर्ट घालून झोपवणं हेही त्यातलंच. आमच्या घरी आता बाकी सगळ्यात माया ठेवतो, पायजम्यात नाही. आणि ठेवायची तिथेही लांबीत ठेवतो, रुंदीत नाही. पोरं आधी उभी वाढतात, आणि दुमडलेली बाही सोडता येते, ढगळ खांदा मात्र आवळता येत नाही.

सप्टेंबरात एका शनिवारी मी मुलीला अनवाणी भिंतीला टेकवून उभी केली आणि पाटीने डोक्यावर रेघ धरली: १२२ सेंटिमीटर आणि वर अर्धा. मग कपड्यांच्या कपाटातून, कात्रीतून वाचलेल्या, तिच्या भावाच्या जुन्या कपड्यांच्या चिठ्ठ्या काढून आम्ही कंपन्यांच्या तक्त्यांशी ताडून बघितल्या. एकीचा ६ आणि दुसरीचा ७ हे एकाच उंचीचे निघाले. तिला ते फारच विनोदी वाटलं. "मग हे लोक नुसतं काहीही लिहितात?" मी म्हटलं, अगदी काहीही नाही, पण जवळजवळ. तिने बटरिकची गोष्ट दोनदा सांगायला लावली, आणि रूथ ओब्रायनने मोजलेल्या मुलांना मोजताना गुदगुल्या झाल्या असतील का, असं विचारलं. त्याचं उत्तर शेती खात्याच्या पुस्तिकेत नाही.

ऑक्टोबरात श्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. दिवाळीला पोरीसाठी थंडीचं जॅकेट पाठवायचं होतं. त्याने वय विचारलंच नाही. "उंची किती रे तिची?" एवढंच विचारलं. ती शेजारीच होती, तिनेच ओरडून सांगितलं, "काका, एकशे बावीस पॉइंट पाच!"

जॅकेट आलं ते १२८ चं. बाही एक घडी घालून घ्यावी लागते. मानेमागची चिठ्ठी अजून जागेवर आहे.